लिथियम बॅटरीची पारख

विमानाची वा नौकेची चालती प्रतिकृती करणाऱ्या मुलांच्या हाती लिथियम-पॉलिमर बॅटरी येते. ती बिघडल्यास पेट घेऊ शकते. म्हणून तिची पारख शिक्षकांनी प्रथम स्वतः करावी.

तीन घटांची बॅटरी पूर्ण भारित असता प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६ व्होल्ट असतो. परंतु केवळ बेरजेवर विसंबू नये. ४.३५, ४.३५ व ३.९ यांचीही बेरीज १२.६ च होते. त्यांतील दोन घट मात्र मर्यादेबाहेर गेलेले असतात. वर्गाची सरासरी चांगली असली म्हणून प्रत्येक मूल उत्तीर्ण ठरत नाही, तसेच हे होय. यास्तव प्रत्येक घट मल्टिमीटरने स्वतंत्र मोजावा. तारांची टोके एकमेकांस लागू देऊ नयेत. घटांचा समतोल साधणारा चार्जरच वापरावा. तो अधिक दाबाच्या घटातील थोडी वीज उष्णतारूपाने काढून सर्व घट समपातळीवर आणतो.

चार्जिंग फरशीवर, शिक्षकांच्या देखत व्हावे व वाळूची बादली जवळ असावी. फुगलेली बॅटरी, किंवा जिचा एखादा घट ३ व्होल्टखाली गेला आहे अशी बॅटरी, पुन्हा चार्ज करू नये.

मुलांनी प्रत्येक घटाची नोंद वहीत ठेवावी. मागे पडणारा घट त्यावरून वेळीच ध्यानी येतो.