लिब्रेऑफिस कुठे राहतं, कसं निघतं

लिब्रेऑफिसचा रायटर उघडता उघडता अडकतो, टूलबार गायब होतात, एखादं एक्स्टेंशन टाकल्यापासून प्रत्येक फाइलवर चुकीचा निरोप झळकतो. असं झालं की बहुतेक जण सरळ लिब्रेऑफिस काढून टाकतात आणि नव्याने टाकतात. वेळ जातो, इंटरनेटचा डेटा जातो आणि रायटर उघडला की तोच निरोप पुन्हा समोर. लिनक्स आपल्यासाठी नाही, असा ग्रह अनेकांचा इथेच होतो. खरं तर यंत्रणेने तिला सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. बिघाड ज्या भागात होता त्याला तिने हात लावलेला नसतो, इतकंच. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर ऑफिसचा एक हिस्सा सिस्टिमचा असतो आणि एक वापरणाऱ्याचा. दोघांच्या जागा वेगळ्या, मालक वेगळे आणि काढायच्या रीतीही वेगळ्या.

ही विभागणी जुनी आहे. लिब्रेऑफिसचा मूळपुरुष म्हणजे जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचं स्टारऑफिस. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं. पुढे सन ओरॅकलकडे गेली आणि २०१० मध्ये बऱ्याच विकासकांनी वेगळी चूल मांडली, तेच लिब्रेऑफिस. स्टारऑफिसच्या काळात सोलारिसच्या किंवा लिनक्सच्या मशीनवर अ‍ॅडमिन आधी रूट होऊन ‘सेटअप’ ही आज्ञा ‘नेट’ हा पर्याय जोडून चालवायचा. सगळा मोठा पसारा त्या वेळी एकदाच ‘ऑप्ट’ फोल्डरात उतरायचा. मग प्रत्येक वापरणारा आपापल्या खात्यातून तोच सेटअप पुन्हा चालवायचा आणि त्याच्या होम फोल्डरात त्याच्यापुरत्या मोजक्या फायली तयार व्हायच्या. एका मशीनवर अनेकांची खाती असणार हे युनिक्सने सुरुवातीपासून धरलेलं असल्यामुळे ही रीत आली. आज दुसरी पायरी आपल्याला दिसत नाही, कारण रायटर पहिल्यांदा उघडताना ती स्वतःच उरकतो.

आता डेबियन किंवा उबुंटू या वितरणांचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे बहुतेकांची लिनक्सची ओळख यांच्यापासूनच होते. इथे एक प्रोग्रॅम म्हणजे एक फोल्डर असा हिशेब नाही. चालवायची आज्ञा ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’ फोल्डरात, प्रोग्रॅमचा खरा देह ‘लिब’मध्ये, मेनूतली नोंद, आयकॉन आणि मदतपानं ‘शेअर’मध्ये, सगळ्या खात्यांना लागू होणारी सेटिंग्ज ‘ईटीसी’मध्ये. पॅकेजं म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे टाकणाऱ्या-काढणाऱ्या ‘डीपीकेजी’ला मोठा एल जोडून पुढे ‘लिब्रेऑफिस-रायटर’ हे नाव द्या. त्या पॅकेजने कोणती फाइल कुठे ठेवली याची यादी ओळीने समोर येते. उलट प्रश्नही विचारता येतो. मोठा एस जोडून फाइलचा पत्ता दिला, तर ती कोणत्या पॅकेजची हे कळतं. या दोन आज्ञा प्रत्येकाने एकदा तरी चालवून पाहाव्यात. सगळा पसारा विखुरलेला असला तरी त्याची पै-पैची नोंद ‘व्हार’ फोल्डरातल्या डीपीकेजीच्या वहीत आहे, हे त्यातून डोळ्यांनी दिसतं.

‘सूडो एपीटी अपडेट’ आणि मग ‘सूडो एपीटी इन्स्टॉल लिब्रेऑफिस’ अशा दोन आज्ञा दिल्या की काय होतं ते क्रमाने पाहू. पहिली आज्ञा फक्त याद्या ताज्या करते. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीत उपलब्ध आहे, त्याची बेरीज-खूण म्हणजे चेकसम काय, हे त्या याद्यांत असतं आणि यादीवर वितरणाची डिजिटल सही असते. दुसऱ्या आज्ञेवर एपीटी आधी अवलंबनं सोडवते. रायटरला कोअर हवं, कोअरला फॉन्टच्या आणि चित्रांच्या लायब्ररी हव्यात, त्यांना आणखी काही. ही साखळी जुळली की एकूण किती पॅकेजं येणार आणि डिस्कवर किती जागा लागणार हे सांगून ती थांबते. तुम्ही होकार दिलात की फायली उतरतात, चेकसम ताडून पाहिले जातात आणि पुढचं काम डीपीकेजीकडे जातं.

डीपीकेजीची एक सवय मला फार आवडते. नवी फाइल ती थेट खऱ्या नावाने लिहीत नाही. नावापुढे ‘डीपीकेजी-न्यू’ अशी शेपटी लावून आधी पूर्ण लिहून घेते आणि मगच नाव बदलून जागेवर बसवते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी अर्धवट लिहिलेली फाइल खऱ्या नावाने उभी राहत नाही. सगळं उलगडून झालं की प्रत्येक पॅकेजची जुळणी होते. शेवटी मेनू, आयकॉन, फाइलींचे प्रकार अशा सामाईक याद्या नव्याने बांधल्या जातात. या पायरीला पडद्यावर काही क्षण काहीच हलत नाही आणि मशीन अडकलं असं वाटून लोक खिडकी बंद करतात. तसं करू नका. वीज गेल्यामुळे काम तुटलंच, तर मशीन सुरू करून ‘सूडो डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ हा पर्याय आणि छोटा ए जोडून चालवावं. राहिलेली जुळणी तिथून पुढे होते. आणि दुसरी एखादी प्रक्रिया वही वापरते आहे म्हणून कुलूप लागलंय असा निरोप आला, तर वाट पाहावी. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं. कुलपाची फाइल हाताने पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण दोघांनी एकदम लिहिलं तर ती वहीच बिघडते.

मराठीसाठी आणखी थोडं लागतं. मेनू मराठीत हवे असतील तर ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. देवनागरी फॉन्ट नसेल तर लोहित किंवा नोटो घ्या. त्यानंतर टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची खूण करून मराठी निवडा. ही खूण विसरली जाते. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट रोमन अक्षरांच्या फॉन्टपासून वेगळा सांभाळतं. वरच्या पट्टीत दिसणारा फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर तसाच राहतो, अशी तक्रार असेल तर परिच्छेदाच्या शैलीत जाऊन कॉम्प्लेक्स भाषेचा फॉन्ट तपासावा.

दुसरी वाट म्हणजे लिब्रेऑफिस सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनकडून थेट आलेली आवृत्ती. वितरणातली आवृत्ती जुनी असते म्हणून काही जण ही घेतात. तो एक गठ्ठा असतो. उलगडला की ‘डेब्ज’ नावाच्या फोल्डरात अनेक पॅकेजं दिसतात आणि ती सगळी एकदम डीपीकेजीने टाकायची. ही आवृत्ती ‘यूएसआर’च्या लिबमध्ये न मिसळता ‘ऑप्ट’मध्ये, आपल्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात बसते. वितरणाबाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरने तिथे राहावं हाच संकेत आहे. यामुळे एकाच मशीनवर वितरणाचं आणि बाहेरचं अशी दोन लिब्रेऑफिस सुखाने नांदू शकतात. मात्र नेहमीच्या अपडेटमध्ये ही दुसरी येत नाही, नवी आवृत्ती तुम्हालाच आणावी लागते. मला विचाराल तर रोजच्या कामासाठी वितरणाचीच बरी.

आता काढण्याकडे. आधी सगळ्या फायली सेव्ह करून ऑफिस पूर्ण बंद करा. युनिक्सवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल पुसायला आडकाठी नसते. नाव फोल्डरातून जातं, पण चालू प्रोग्रॅमच्या हातात ती फाइल तशीच राहते आणि तो बंद होईपर्यंत डिस्कवरची जागाही मोकळी होत नाही. म्हणून रायटर उघडा असताना काढलं तरी तो काही वेळ ठीक चालल्यासारखा दिसतो. मग तुम्ही असा एखादा मेनू उघडता की ज्याचा भाग त्याने अजून डिस्कवरून घेतलेलाच नव्हता, आणि तिथे तो कोसळतो.

‘एपीटी रिमूव्ह लिब्रेऑफिस’ म्हटलं आणि रायटर जागच्या जागी राहिला, असा अनुभव अनेकांना येतो. कारण ‘लिब्रेऑफिस’ या नावाचं पॅकेज जवळपास रिकामं असतं. बाकीच्यांना बोलावून आणणं एवढंच त्याचं काम. सगळं काढायचं तर ‘लिब्रेऑफिस-कोअर’ आणि ‘लिब्रेऑफिस-कॉमन’ ही नावं द्या. रायटर, कॅल्क, इम्प्रेस कोअरवर उभे असल्यामुळे तेही सोबत निघतात. ‘रिमूव्ह’ने ईटीसीतली सेटिंग्ज मागे राहतात आणि डीपीकेजीच्या यादीत त्या पॅकेजपुढे आर आणि सी ही अक्षरं दिसतात. ‘पर्ज’ म्हटलं की तीही जातात. त्यानंतरचं ‘ऑटोरिमूव्ह’ आता कुणालाच न लागणाऱ्या लायब्ररी काढतं. मात्र होकार देण्याआधी यादी शेवटपर्यंत वाचा. डेस्कटॉपचं एखादं एकत्रित पॅकेजही लिब्रेऑफिसवर अवलंबून असू शकतं. ते निघालं की त्याने आणलेल्या इतर गोष्टी कधी कधी ऑटोरिमूव्हच्या यादीत येतात. हवी असलेली वस्तू यादीत दिसली तर नकार द्या आणि ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ने तिच्यावर आपली मोहोर उठवा.

ऑप्टमधली आवृत्ती काढताना दोन गोष्टी सांभाळा. तिच्या पॅकेजांची दोन कुळं असतात. एकाची नावं ‘लिब्रेऑफिस’ने आणि आवृत्तीच्या आकड्याने सुरू होतात, दुसऱ्याची ‘लिबोबेसिस’ने. पहिलं काढलं आणि दुसरं विसरलं तर मोठा वाटा डिस्कवरच राहतो. दुसरं म्हणजे नावापुढे तारा लावून सगळी एकदम काढणार असाल तर ते नाव अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर एपीटीकडे पोचण्याआधीच शेल त्या ताऱ्याचा अर्थ लावतं, आणि तुम्ही नेमके डेब्ज फोल्डरात उभे असाल तर पॅकेजांच्या नावांऐवजी तिथल्या फायलींची नावं पुढे जातात. ऑप्टमधला फोल्डर हाताने उडवणं हा तर मार्गच नव्हे. फायली जातात, पण वहीतल्या नोंदी राहतात आणि पुढे प्रत्येक कामात त्या आडव्या येतात.

एवढं सगळं झालं तरी तुमच्या होम फोल्डरात, लपलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये, लिब्रेऑफिसचा फोल्डर आहे तसाच असतो. त्यात ‘४’ नावाचा एक फोल्डर आहे. हा आकडा चौथ्या आवृत्तीपासून चालत आला आहे आणि आजही तोच आहे. टूलबारची मांडणी, एक्स्टेंशनं, मॅक्रो, आपण केलेले साचे, ऑटोकरेक्टच्या जोड्या, सगळं तिथे. वितरणाचं आणि ऑप्टमधलं अशी दोन्ही लिब्रेऑफिस हाच फोल्डर वापरतात, त्यामुळे एकात झालेला बिघाड दुसऱ्यातही दिसतो. आधी ‘सेफ मोड’ने सुरू करून पाहा. तिथे रायटर ठणठणीत चालला तर दोष इथेच आहे. मग ऑफिस बंद करून ‘४’चं नाव बदला आणि पुन्हा उघडा, नवा कोरा फोल्डर तयार होईल. जुना लगेच पुसू नका. त्यातल्या ‘यूजर’मधल्या ‘वर्डबुक’ फोल्डरात तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द असतात. मराठीत काम करणाऱ्याने वर्षानुवर्षं एकेक करून घातलेली गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द, सात-बाऱ्याची परिभाषा हे सगळं त्या छोट्या फाइलीत असतं आणि ती बाहेरून आणून मिळत नाही. ती फाइल नव्या फोल्डरात तिच्याच जागी ठेवली की शब्द परत येतात. तुमची पत्रं आणि हिशेब यातलं काही या फोल्डरात नसतं. ते तुम्ही जिथे सेव्ह केलं तिथेच राहतं.

फ्रीबीएसडीवर हेच काम ‘पीकेजी इन्स्टॉल’, ‘पीकेजी डिलीट’ आणि ‘पीकेजी ऑटोरिमूव्ह’ने होतं. तिथे बाहेरून आलेलं सगळं ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’ फोल्डरात बसतं, मूळ सिस्टिम वेगळी राहते. होम फोल्डराचा नियम तिथेही हाच.

फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीने घेतलेलं लिब्रेऑफिस मात्र कॉन्फिगमध्ये पाहू नका. त्याची वैयक्तिक सेटिंग्ज होममधल्या लपलेल्या ‘व्हार’ फोल्डरात ‘अ‍ॅप’खाली असतात, आणि काढताना ‘डिलीट-डेटा’ हा पर्याय जोडला तरच ती जातात. स्नॅप या तशाच दुसऱ्या पद्धतीची सेटिंग्ज होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरात असतात. स्नॅप काढताना उबुंटू त्यांची एक प्रत आपोआप बाजूला ठेवतं आणि ती साधारण ३१ दिवस सांभाळतं. घाईत काढलं आणि वर्डबुक राहून गेलं, तर तेवढ्या मुदतीत ‘स्नॅप सेव्ह्ड’ने त्या प्रतीचा क्रमांक शोधून ‘स्नॅप रिस्टोअर’ने परत मिळवता येतं.