मेम्फिसचे साथीदार

मेम्फिसच्या मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या जुन्या कॅपिटॉल थिएटरात जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्सटन यांनी स्टॅक्स रेकॉर्ड्सचा स्टुडिओ थाटला. खुर्च्या निघाल्या, उतरती जमीन तशीच राहिली. दर्शनी भागात एस्टेलचं रेकॉर्डचं दुकान होतं. तिथे काउंटर सांभाळणारा स्टीव्ह क्रॉपर आत जाऊन गिटार वाजवायचा. बुकर टी. जोन्स शाळेत असतानाच स्टॅक्समध्ये आला, तो आधी सॅक्सोफोन घेऊन.

१९६२ च्या उन्हाळ्यात एका रविवारी हे दोघं, बासवर लुई स्टाइनबर्ग आणि ड्रम्सवर अल जॅक्सन, एका गायकाच्या रेकॉर्डिंगसाठी जमले होते. मोकळा वेळ मिळाला तसा चौघांनी एक संथ ब्लूज वाजवला. स्टुअर्टला तो आवडला. आता रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काय घालायचं? सतरा वर्षांच्या बुकरने ऑर्गनवर एक धून काढली. तीच ‘ग्रीन ओनियन्स’.

ती कान देऊन ऐकावी. सुरुवातीला हॅमंड ऑर्गनचा दबका, काहीसा खरखरीत सूर तीच स्वरावली घोळवत राहतो आणि बास त्याला चिकटून चालतो. मग क्रॉपरची गिटार येते: एक झटका, आणि गप्प. पुन्हा एक झटका. जॅक्सनची लय तसूभर हलत नाही. बारा बारचा साधा ब्लूज. तीन मिनिटांच्या आत आटोपतो. कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. आयुष्यभर गायकाला जागा करून देणाऱ्यांनाच असं वाजवता येतं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी आलेला याच नावाचा अल्बम बारा तुकड्यांचा. बहुतेक धुना इतरांच्या, आणि सगळ्याच काही तोडीस तोड नाहीत. पण ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’मध्ये बुकर किती हळुवार होतो! मुखपृष्ठावर वादकांचा फोटो नाही, कांद्याच्या पाती आहेत.

वर्णभेदाने चिरलेल्या त्या शहरात तीन कृष्णवर्णीय आणि एक गोरा बरोबरीने वाजवत होते. पुढे स्टाइनबर्गच्या जागी डोनाल्ड ‘डक’ डन आला आणि दोनास दोन झाले. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह यांच्या रेकॉर्डवर मागे हीच मंडळी. १९६८ ची त्यांची ‘सोल लिंबो’ बीबीसीने क्रिकेटसाठी घेतली, त्यामुळे या चौघांच्या बँडचं नाव ठाऊक नसलेल्या कित्येक क्रिकेटवेड्यांनाही ती धून तोंडपाठ आहे.