स्पर्शाचे मोजमाप

तान्ह्या मुलाला तेल चोळून न्हाऊ घातल्याने ते बाळसे धरते, हे आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीत कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तथापि, घरातील अनुभव रुग्णालयाचा उपचार व्हावयाचा असेल, तर त्याचे मोजमाप झाले पाहिजे.

अमेरिकेतील मायामी येथे टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली तसा प्रयोग प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या ४० बालकांपैकी निम्म्यांचे अंग दहा दिवस, रोज तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे चोळण्यात आले व त्यांचे हातपाय हलविण्यात आले. दोन्ही गटांनी घेतलेल्या दुधात फरक नव्हता. तरीही चोळलेल्या बालकांचे वजन रोज ४७ टक्के अधिक वाढले आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. याचे कारण पुढे हृदयाच्या ठोक्यांतील सूक्ष्म चढउतार व जठराची हालचाल यांच्या नोंदींतून शोधण्यात आले. बेताच्या दाबाने व्हेगस ही मज्जा उत्तेजित होते व पचनाला चालना मिळते, असे त्यावरून दिसले. नुसते हलके कुरवाळणे पुरत नाही.

परंतु मोजमाप हे दुधारी शस्त्र होय. मर्दनाने कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक पुष्कळ घटते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०११ साली सर्व प्रयोगांचा फेरहिशेब झाला, तेव्हा ही घट नगण्य ठरली. चोळण्याने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते, हा समजही कॅनडातील २०१२ च्या प्रयोगात टिकला नाही. मात्र स्नायूंतील दाहाची लक्षणे कमी झालेली आढळली.

बालकांविषयीच्या प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेतर्फे २००४ साली आढावा घेण्यात आला. वजनवाढ रोज सुमारे पाच ग्रॅम अधिक व मुक्काम साडेचार दिवसांनी कमी, असा हिशेब निघाला. परंतु कोणते मूल चोळलेले, हे घरी पाठविण्याचा निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक असण्याची शक्यता होती. म्हणून पुरावा दुबळा ठरवून, परिचारिकांचा वेळ यात घालवणे परवडते काय, असाही प्रश्न आढाव्याने केला.

हा प्रश्न कंजूषपणाचा नव्हे. एका बालकास रोज ४५ मिनिटे, तर दहा बालकांस साडेसात तास; म्हणजे एका परिचारिकेची संपूर्ण पाळी. हे काम आईवर सोपविले, तर रुग्णालयाच्या वहीत खर्च शून्य दिसेल. पण तिचे श्रम शून्य होत नाहीत. बाळाचे ग्रॅम मोजणाऱ्या विज्ञानाने चोळणाऱ्या हातांचे तासही मोजावेत. तोवर हा हिशेब अपुराच राहील.