कुसुंब्यात दडलेला लाल
भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरतं ते कोरं कापड. रंग चढतो पुढे, रसायनांतून. 1856 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किनला कृत्रिम जांभळा गवसला, त्याआधी गुलाबीसाठी मोठा आधार होता करडईच्या पाकळ्यांचा, म्हणजे कुसुंब्याचा. गंमत अशी, की त्यात पिवळा भरपूर नि लाल चिमूटभर. पाकळ्या पाण्यात चोळचोळून आधी पिवळा काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवायचा. त्यात सुती कापड बुडवून लिंबू पिळलं, की डोळ्यांदेखत गुलाबी! उन्हात, साबणात मात्र तो टिकत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचा बिनकाट्यांचा ‘नारी-6’ वाण आणला, पाकळ्या खुडणाऱ्यांची बोटं वाचली. पाकळ्यांचा चहाही करतात. चिनी वैद्यकात त्या रक्ताभिसरणासाठी देतात. गरोदरपणी मात्र वर्ज्य.