बाबूरावाचा माग: कळंबच्या नोंदीपासून चांद्याच्या तुरुंगापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातले कळंब बहुतेकांना ठाऊक आहे ते चिंतामणीमुळे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जायचे आणि गणपतीचे दर्शन घ्यायचे. पण वऱ्हाडाच्या इतिहासात या गावाला आणखी एक मान आहे. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार, म्हणजे आजच्या हिशेबाने जवळजवळ एक जिल्हा, कळंबच्या नावाने नोंदले आहे. ग्रंथाचा कर्ता अबुल फजल सांगतो की हे जुने आणि महत्त्वाचे शहर असून इथल्या म्हशी नावाजलेल्या आहेत. लगेच पुढे त्याची लेखणी शेजारच्या गोंड जमीनदाराकडे वळते. नाव बाबजीव, मुलूख चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर, पदरी 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ. हिऱ्यांची खाण असलेला वैरागडही त्याच्याच ताब्यात. अभ्यासक या बाबजीवाला चांद्याचा राजा बाबाजी बल्लाळशहा मानतात.

ही नोंद मला फार मोलाची वाटते. चांद्याच्या गोंड सत्तेचे बळ कळंबच्या खात्यात लिहिले गेले. तिच्याच मुलखात पुढे एक बंडखोर उभा राहिला. सरकारी कागदांनी त्याला लुटारू ठरवले, लोकांनी वीर म्हटले. त्या बाबूराव शेडमाके यांच्या नावाचा माग काढायचा तर सुरुवात इथूनच करावी.

1751 मध्ये चांद्याचे राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूर खालसा केले. वैनगंगा–प्राणहितेच्या जंगलातल्या जमीनदाऱ्या मात्र तशाच होत्या. अहेरीच्या जमीनदारीत मोलमपल्ली नावाची छोटी जमीनदारी होती आणि बाबूराव तिचे मालक. त्यांचे नाव एका कागदात बाबूराव, तर दुसऱ्यात बापूराव. मोलमपल्लीचे मोनमपल्ली झालेले, आडनाव कधी शेडमाके, कधी सेडमाके, कधी सडमेक. नुसत्या नावाच्या मागे लागले की माणूस हातून निसटतो. म्हणून गावे धरून चालावे लागते.

मेजर लूसी स्मिथ यांनी 1869 मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. बंडाची हकिगत त्यात आहे आणि पुढच्या जिल्हा गॅझेटिअरनेही ती घेतली. सुरुवातच अशी, की 1858 च्या मार्चमध्ये बाबूरावाने राजगड परगणा लुटायला सुरुवात केली. क्रियापदच निकाल देऊन मोकळे होते. पण त्या हकिगतीतली गावे नकाशावर ओळीने लावून पाहा: राजगड, नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला, सगणापूर, बामणपेठ, चिंचगुंडी. मूल–पोंभुर्ण्याच्या बाजूने निघालेली ही रेघ प्राणहितेच्या काठाला पोचते. 13 मार्चला नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजी फौजेशी पहिली गाठ पडली. मग गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आश्रय घेतला. 19 एप्रिलला सगणापूरला पुन्हा लढाई. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव सोबत होते. गोंड, माडिया आणि रोहिले हाताशी होते. दरोडेखोर पेठ पाहून जातो आणि फौज दिसली की पळतो. ही माणसे फौजेला सामोरी जाऊन पुन्हा पुढचे ठाणे गाठत होती.

चिंचगुंडीची घटना तर जवळून पाहावी अशी. 29 एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी तारखात्याच्या तीन माणसांचा तळ होता: गार्टलंड, हॉल आणि पीटर. बंडखोरांनी छापा घातला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि त्याने डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला गाठले. 1857–58 च्या धामधुमीत फौजा हलत होत्या त्या तारेच्या भरवशावर. लुटायला सावकाराचा वाडा सोडून तारवाल्यांचा तळ का निवडला, याचे उत्तर अहवालातल्या ‘लूट’ या शब्दात मावत नाही.

यानंतर इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या हातून बाबूरावांना पकडवले. 18 सप्टेंबर 1858 ला ते इंग्रजांच्या हवाली झाले आणि 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. वय अवघे 25. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. 1860 मध्ये तिथल्या राजाने त्यांना धरून दिले आणि त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांची अडपल्ली आणि घोट ही तालुकी, एकूण 67 गावे, लक्ष्मीबाईंना इनाम मिळाली.

माझ्या मते या साऱ्या कागदपत्रांत सर्वांत बोलका आकडा हाच. भुरट्या लुटारूला पकडून देणाऱ्याला सरकार 67 गावे देत नाही. शिव्या अहवालात लिहिल्या गेल्या, पण बाबूराव आणि व्यंकटरावांची खरी किंमत बक्षिसाच्या सनदेत उतरली.

लोकांनीही आपली नोंद ठेवली आहे. फाशीचा दोर तुटल्याची कथा गोंडांमध्ये सांगितली जाते. चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी 21 ऑक्टोबरला माणसे जमतात. टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीटही काढले. तारखा हव्यात तर अहवालाकडे जावे. माणूस कशासाठी लढला हे विचारायचे असेल तर पिंपळाखाली जमलेल्यांकडे जावे. दोन्हीपैकी एकच घेणारा अभ्यास अर्धा राहतो, असे मी ठामपणे म्हणेन.

हीच रीत कळंबच्या शिवारातही लावायला हवी. कळंब, राळेगाव, केळापूर, मारेगाव भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, शामादादा कोलाम या आदिवासी वीराचे नाव आजही मानाने घेतले जाते. ज्या वाचकांच्या घरी जुन्या मालगुजारीचे, पोलीसपाटलाचे किंवा कोतवालाचे दप्तर असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. ज्यांचे शेत पोडाच्या शेजारी आहे, त्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांकडून नाल्यांची, टेकड्यांची आणि खोऱ्यांची नावे विचारून, कोणी सांगितली आणि कधी सांगितली यासह, या हिवाळ्यातच वहीत उतरवून ठेवावीत.