परगावचा कामकरी आणि रात्रीची रक्ततपासणी

वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या समोरच्या तीरावर दातिवरे हे गाव वसलेले आहे. तेथून उत्तरेस तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत लागते. या टापूत पोटासाठी येणाऱ्यांत उत्तर प्रदेश व बिहारकडील कामकरी पुष्कळ. ‘हे लोक आपल्याबरोबर रोग आणतात’ असा उद्गार सुशिक्षित घरांतूनही कधी कधी ऐकू येतो. त्यात तथ्य किती, हे हत्तीरोगाच्या उदाहरणाने पाहणे उद्बोधक होईल.

हत्तीरोग सुतासारख्या बारीक कृमींपासून होतो. हे कृमी शरीरातील रसवाहिन्यांत वर्षानुवर्षे वास करतात व त्यांची सूक्ष्म पिले रक्तात हिंडतात. ही पिले डासाच्या शरीरात वाढतात, हे डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरी दाखवून दिले. आपल्याकडे हे काम क्युलेक्स जातीचा डास करतो. पिले दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, विशेषतः दहा ते दोनच्या सुमारास, त्वचेजवळच्या रक्तात येतात. डासाची चावण्याची वेळही तीच! यास्तव बोटातील रक्ताचे थेंब रात्रीच घ्यावे लागतात. परंतु मनुष्याची निजण्याची वेळ उलटली, तर पिलांची वेळही हळूहळू उलटते. तेव्हा कायम रातपाळी करणाऱ्यास रात्री तपासून भागत नाही. प्रतिजन ओळखणारी पट्टी मात्र कोणत्याही वेळी वापरता येते.

पाय सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे रोगी धडधाकट दिसतो. याच काळात डाइइथिलकार्बामेझिनच्या गोळ्यांनी रक्तातील पिले नाहीशी करता येतात. पाय एकदा हत्तीसारखा झाला, की तो पूर्ववत होणे दुरापास्त. म्हणून ही तपासणी प्रथमतः त्या कामकऱ्याच्याच हिताची आहे. रक्तात दोष निघाल्यास काम जाईल अशी धास्ती त्यास वाटली, तर तो पथक येताच दार लावून घेईल आणि रोग आत तसाच राहील.

राहता राहिला दोषाचा प्रश्न. पालघर जिल्हाही या रोगापासून मुक्त राहिलेला नाही. एखाद्दुसऱ्या दंशाने हा रोग सहसा जडत नाही; त्यास महिनोन् महिने पुष्कळ डास चावावे लागतात. आणि हे डास बिहारहून येत नाहीत; ते आमच्याच तुंबलेल्या गटारांत व उघड्या शौचकूपांत निपजतात.

तेव्हा आमच्या वाचकांस आमची सूचना इतकीच: घरच्या गड्यास तपासणीसाठी मोकळीक द्यावी व त्या दिवसाची मजुरी कापू नये. सरकारी सेवक सामुदायिक औषधाच्या गोळ्या घेऊन दारी येतील, तेव्हा त्या फडताळात न ठेवता, गर्भवती, दोन वर्षांखालील मुले व अत्यवस्थ रोगी वगळून, सर्वांनी त्यांच्यासमक्ष घ्याव्यात. शौचकूपाच्या वायुनळीस जाळी बसवावी. परक्याच्या रक्ताची चौकशी करणाऱ्याने आपल्या परसातील गटार आधी पाहिलेले बरे.