जमीन वाटण्याआधी विम्याचा कागद पाहा

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत सगळा गोतावळा जमलेला असतो. चौदाव्या दिवशी सोसायटीचे कर्ज, बँकेचा हप्ता आणि वारसनोंद हे प्रश्न दारात उभे राहतात. जमीन असते, पण हातात रोकड नसते. मग एखादा एकर पडेल त्या भावाने जातो. आयुर्विम्याचे खरे काम इथेच आहे.

समजा, चार एकर बागायत आहे. एक मुलगा शेती करतो, दुसरा शहरात नोकरीला आणि मुलगी सासरी. बापाच्या मागे त्याच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे, मुलगी आणि हयात असल्यास आई यांचा हिंदू वारसा कायद्याने सारखा वाटा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलगी मुलाइतकीच हक्कदार झाली. चार एकराचे चार तुकडे केले तर कुणाचेच भागत नाही. विम्याची रक्कम हाती आली तर आधी कर्ज फिटते, उरलेल्या पैशातून बाहेरच्या भावंडांना मोबदला देता येतो आणि जमीन कसणाऱ्याकडे एकत्र राहते. साडी-चोळीवर बहिणीची हक्कसोडीची सही घेण्याची रीत मात्र आता सोडावी. हक्कसोडपत्र तिच्या राजीखुशीने व्हावे आणि ते नोंदणीकृतच हवे.

नॉमिनी म्हणजे मालक, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचे हक्कदार मानले, तरी वाद कोर्टात जातातच. म्हणून पॉलिसीवर भावाचे किंवा चुलत्याचे नाव जुन्या काळापासून तसेच राहिले असेल, तर लग्नानंतर ते बदलून घ्यावे. पैसा कुणाला किती, हे मृत्युपत्रातही दोन साक्षीदारांसमोर लिहावे. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, हेही ध्यानात ठेवावे.

कर्जबाजारी घरासाठी आणखी एक वाट आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली पत्नी व मुलांच्या नावे पॉलिसी काढता येते. देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने ती काढलेली नसेल, तर सावकार किंवा बँक त्या रकमेवर हात टाकू शकत नाही. पण हे पॉलिसी काढतानाच लिहून द्यावे लागते, मागाहून नाही.

मोठा हप्ता झेपत नसेल त्यांनी निदान बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्यावा. १ जून २०२२ पासून त्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आहे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ५० असेपर्यंत नाव घालता येते. मे अखेरीस खात्यात शिल्लक ठेवावी, नाहीतर विमा खंडतो.

पॉलिसीचा कागद कुठल्या पेटीत आहे, हे घरधनिणीला माहीत असावे. वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा. ग्रामसेवक आणि सोसायटीच्या सचिवांनी मृत्यूची नोंद घेताना ‘विमा होता का?’ एवढे विचारले, तरी एखाद्या विधवेचा एकर वाचेल.